पाम बीचचे बूट, खारघरची वाट

जून-जुलैतली आमची सोमवारची ओपीडी थोडी वेगळी असते. ताप, खोकला, जुलाब हे नेहमीचे असतातच. त्यांच्या जोडीला रविवारी डोंगरावर जाऊन आलेली लंगडणारी मंडळी असतात. कोणाचा घोटा सुजलेला, कोणाचे मनगट, कोणाच्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी. खरे तर यांनी शेजारच्या अस्थिरोग विभागात जायला हवे. पण पाय सुजला की घरातले कोणीतरी हमखास म्हणते, ‘युरिक ॲसिड वाढलं असेल’, आणि रक्ताचा रिपोर्ट हातात धरून माणूस माझ्यासमोर येऊन बसतो. मी रिपोर्ट बाजूला ठेवते आणि विचारते, ‘बूट कुठे आहेत?’

मागच्या पावसाळ्यात असेच एक पंचेचाळिशीचे गृहस्थ आले. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज. एक्स-रे काढायचाच असे ते ठरवूनच आले होते. कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी एक सोपा नियम बांधून दिला आहे आणि जगभरातल्या अपघात विभागांत तो वापरला जातो. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडे मागच्या कडेने आणि टोकाशी दाबून पाहायची. मग पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचे आणि आतल्या बाजूला कमानीपाशी असलेले हाड दाबून पाहायचे. यांपैकी कुठेच दुखत नसेल, आणि दुखापत झाल्यावर लगेच व आता तपासतानाही लंगडत का होईना, चार पावले टाकता येत असतील, तर सहसा एक्स-रेची गरज नसते. गृहस्थ चार पावले चालले. हाडे ठीक होती, बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला गेला होता. क्रेप बँडेज, बर्फ, पाय उंचावर आणि दोन दिवस कोणाकडूनही तेल लावून चोळून घ्यायचे नाही, एवढे सांगून मी बूट मागितले.

पिशवीतून निघाले ते नवेकोरे, पांढरेशुभ्र, गादीसारख्या जाड फोमच्या तळाचे. चौदा हजारांचे. उलटे करून पाहिले तर तळाला रबर जेमतेम दोन पट्ट्यांपुरते, बाकी उघडा फोम. पाम बीच रस्त्यावर या बुटांनी त्यांनी दोन महिने छान धावून दाखवले होते. रविवारी मित्रांबरोबर खारघर हिलवर गेले, वरच्या डांबरी रस्त्यावरून पायवाटेला लागले आणि परतीच्या उतारावर ओल्या कातळाने पाय घेतला. त्यांचा प्रश्न मात्र मला अजून आठवतो. ‘मॅडम, एवढे महागाचे बूट असून पाय मुरगळलाच कसा?’

नवी मुंबईत हा प्रश्न आता अनेकांचा होणार आहे, म्हणून आजचा लेख. गेल्या दहा-पंधरा वर्षांत इथे पहाटे धावणाऱ्यांची संख्या डोळ्यांदेखत वाढली. पाम बीच, नेरूळचे ज्वेल, खारघरचे सेंट्रल पार्क अशी सपाटीवर सुरुवात होते. मग कोणीतरी पारसिकच्या टेकडीवर नेते, कोणी खारघर हिलवर, पुढे कर्नाळा, प्रबळगड, माथेरानची लाल वाट. सिंहगड-राजगड-तोरणा अशी किल्ल्यांवरून धावण्याची शर्यत आता होते आणि तिची तयारी करणारे आपल्याही शहरात आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून लिहून हात दुखलेल्या डॉक्टरला डोंगर चढणारा पेशंट दिसला की बरेच वाटते. फक्त रस्त्यावरची धाव आणि पायवाटेवरची धाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बुटांच्या दुकानात कोणी सांगत नाही.

रस्त्यावर प्रत्येक पाऊल मागच्या पावलासारखेच पडते. तिथे बूट मऊ, हलका आणि उंच तळाचा असला तरी चालते. अलीकडच्या बऱ्याच बुटांत टाच जमिनीपासून चार सेंटिमीटरपर्यंत उंच असते. पायवाटेवर मात्र प्रत्येक पाऊल नवे. एक दगडावर, पुढचे मुळावर, तिसरे तिरप्या उतारावर. तळ जितका उंच आणि मऊ, तितका घोटा वळायला सोपा. कारण पाय एकदा कलला की उंचीमुळे त्याला कलवणारा जोर वाढतो. खात्री करायची असेल तर घरी गादीवर एका पायावर उभे राहा, मग फरशीवर उभे राहा. घोट्याची थरथर कुठे जास्त होते ते लगेच कळेल. उतारावर थकलेल्या पायाने तीच थरथर सांभाळायची असते. म्हणून पायवाटेसाठी तळ थोडा बुटका, थोडा कडक आणि पुढे चवड्याखाली रुंद असलेला बूट चांगला. दगडाचे टोक तळव्याला लागू नये म्हणून काही बुटांच्या तळात पातळ, कडक पत्रा असतो, तोही उपयोगाचा. बोटांपुढे रबराची टोपी हवीच. दगडाला ठेच लागल्यावर तिची किंमत कळते.

आता पकडीबद्दल. तळाला खोल खाचा असलेल्या रबरी बुटांमागे एक दुःखाची गोष्ट आहे. विताले ब्रामानी हा इटलीचा गिर्यारोहक. १९३५ मध्ये आल्प्समधल्या एका मोहिमेत त्याचे सहा सोबती हवामान बिघडल्यावर मरण पावले. त्यांच्या पायांतले बूट तशा थंडीला आणि तशा वाटेला पुरे पडणारे नव्हते. त्या धक्क्यातून ब्रामानीने खडकावर आणि बर्फावर दोन्हीकडे चालेल असा खाचांचा रबरी तळ तयार केला. १९३७ मध्ये तो बाजारात आला. आज दुकानात दिसणारा पायवाटेचा प्रत्येक बूट त्याच तळाच्या कुळातला आहे.

पण आपली वाट आल्प्सची नाही. सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. उन्हाळ्यात त्याच्यावर मुरूम आणि सुट्या खड्यांचा घसारा, पावसाळ्यात पाण्याचा पातळ थर आणि शेवाळ, पावसाळा सरता सरता कमरेएवढे गवत आणि त्याखाली लपलेले दगड. चिखलात पाच-सहा मिलिमीटर खोल खाचा माती धरतात. त्याच खाचा ओल्या कातळावर उलट तोटा करतात, कारण रबराचा कातळाला लागणारा भाग कमी होतो. आपल्याकडे कातळ आणि माती आलटून पालटून येतात, त्यामुळे साधारण चार मिलिमीटरच्या, फार दाट नसलेल्या खाचा सोयीच्या पडतात. त्याहून महत्त्वाचे रबर. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर थोडे दबणारे, चिवट रबर कातळ धरते. काचेसारखे टणक रबर वर्षानुवर्षे झिजत नाही, पण ओल्या कातळावर सटकते. पकडणारे रबर लवकर झिजते, हे गृहीत धरूनच घ्यावे.

सह्याद्रीतल्या जुन्या ट्रेकर मंडळींना हे पुस्तक न वाचता माहीत होते. परदेशी नावांचे बूट इथे सर्रास मिळू लागण्याआधी आणि नंतरही अनेक जण ॲक्शनचे ‘ट्रेकिंग’ बूट घालून गड चढत आले. स्वस्त, दिसायला साधे, पण ओल्या कातळावर त्यांची पकड चांगली, अशी त्यांची ख्याती. ते धावण्यासाठी बनवलेले नाहीत, वजनाने जड आहेत, पावलाला फार आधार देत नाहीत. मी ते धावायला सुचवणार नाही. पण बूट वाटेवरून निवडावा, डब्यावरच्या आकड्यावरून नव्हे, हे त्या मंडळींना कळले होते. आणि हिरव्या शेवाळावर तर चौदाशेचा काय आणि चौदा हजारांचा काय, कोणताच बूट टिकत नाही. तिथे धावणे थांबवून चालावे, गरज पडली तर बसून उतरावे. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर बसून उतरायला शिकले, तेही एकदा पाठीवर आपटल्यावर. पांडवकड्याच्या परिसरात तर पावसाळ्यात जायला मनाई केली जाते. ती बुटांच्या जोरावर मोडण्याची गोष्ट नव्हे.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि धावतानाही फुगतो, म्हणून सकाळी बरोबर बसलेला बूट डोंगरावर चावतो. जे मोजे घालून धावणार तेच घालून जा. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रस्त्यासाठी याहून कमी चालते, पण उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला नखे आपटतात. काळ्या नखांचे कारण हेच असते, कॅल्शियमची कमतरता नव्हे. दोन्ही पायांचे बूट घालून पाहा, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो आणि माप मोठ्या पायाचे घ्यायचे. मग दुकानातला जिना उतरून पाहा. जिना उतरताना बोटे पुढे टेकत असतील किंवा चढताना टाच वर सुटत असेल तर तो बूट ठेवून द्या, विक्रेता ‘वापरून सैल होतो’ म्हणाला तरीही. बायकांच्या बाबतीत टाच सुटण्याची तक्रार मी फार ऐकते. चवड्याला बसेल तो बूट घ्यावा तर टाचेला सैल, असे त्यांचे होते.

आपले चवडे रुंद असतात, याचीही दुकानात कोणी दखल घेत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातले आयुष्यभर अनवाणी चालणारे लोक, बूट वापरणारे भारतीय आणि बेल्जियममधले लोक यांच्या पावलांची मापे घेतली. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय रुंद निघाले आणि चालताना त्यांच्या तळव्यावर दाब अधिक सारखा पसरत होता. लहानपणी गावाकडे अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या, आता चाळिशीत पहिल्यांदा धावायला लागलेल्या माणसाने पुढे चोच असलेला अरुंद बूट घेतला तर करंगळीच्या बाजूला कुरूप आणि फोड ठरलेलेच. बूट टेबलावर ठेवून वरून पाहा, पुढून तो पायासारखा दिसतो की होडीसारखा, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

मोठ्या दुकानांत हल्ली पायाचे स्कॅनिंग होते. यंत्रावर उभे केले जाते, रंगीत चित्र निघते आणि ‘तुमचा पाय सपाट आहे, तुम्हाला अमुक प्रकारचाच बूट लागेल’ असा निकाल मिळतो. निकालाचा बूट बहुधा महागच असतो. ही कल्पना ऐकायला पटणारी आहे आणि म्हणूनच अमेरिकेच्या लष्कराने ती तपासून पाहिली. २००९-१०च्या सुमारास भूदल, हवाई दल आणि मरीन यांच्या हजारो नवशिक्या जवानांचे दोन गट केले. एका गटाला कमानीच्या आकाराप्रमाणे बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यानंतर २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने धावण्याच्या बुटांवरच्या १२ चाचण्यांचा, ११ हजारांहून अधिक लोकांचा एकत्रित आढावा घेतला. एका प्रकारच्या बुटाने दुसऱ्यापेक्षा धावपटूंच्या दुखापती कमी होतात, असा भक्कम पुरावा त्यातही सापडला नाही.

मग मी वरचे एवढे सगळे का सांगितले? कारण दुखापती दोन जातीच्या असतात. घसरणे, ठेचकाळणे, पाय वळणे ही एक जात. ती क्षणात घडते आणि तिथे रबर, खाचा, तळाची उंची, नाडी यांना अर्थ आहे. दुसरी जात हळूहळू शिजते. गुडघा, नडगी, टाचेमागची शीर, तळव्याचा पडदा. आठवड्यांमागून आठवडे शरीराला झेपेल त्याहून जास्त भार टाकल्याचे ते फळ. या दुसऱ्या जातीवर बूट हे औषध नाही, आणि जाहिराती नेमक्या याच जातीसाठी बूट औषधासारखा विकतात. संशोधनातून हाताला लागलेली एक गोष्ट मात्र स्वस्त आहे. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंना २२ आठवडे पाहिले, तेव्हा एकाहून अधिक जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. वेगळ्या बुटात पायावर भार वेगळ्या जागी पडतो, हे त्याचे संभाव्य कारण. त्यामुळे चौदा हजारांचा एक जोड घेण्यापेक्षा रस्त्यासाठी एक आणि पायवाटेसाठी एक, असे दोन साधे जोड मी केव्हाही पसंत करीन.

हे मला सर्वांत जास्त ज्याच्यामुळे पटले तो मुलगा वीस वर्षांचा होता. वडील वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटर धावण्याचे. सेकंद चुकले की गुण गेले. दम वाढावा म्हणून त्याने मैदान सोडून खारघरच्या डोंगरावर रोज चढ-उतार धावायला सुरुवात केली होती. तीन आठवड्यांत उजवी नडगी दुखू लागली. कोणीतरी सांगितले, बूट खराब आहेत. वडिलांनी उसने पैसे काढून सात हजारांचे, शर्यतीत वापरतात तसले बूट घेऊन दिले. नव्या बुटांच्या उत्साहात पोराने अंतर आणखी वाढवले.

मी नडगीवरून बोट फिरवले. एका जागी, नाण्याएवढ्या भागात, त्याने पाय झटकला. त्याच पायावर उडी मार म्हटल्यावर तो उडी मारू शकला नाही. नडगी सगळी लांबीभर ठणकत असेल तर बहुतेक वेळा स्नायूंच्या आवरणाची सूज असते, थोड्या विश्रांतीने ती जाते. एकाच बिंदूवर दुखणे ही वेगळी खूण. १८५५ मध्ये ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांत असे दुखणे नोंदवले होते. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. हाडाला बारीक तडा गेलेला असतो. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग खरवडून काढते आणि मग नवा भरते. खरवडायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते आणि नेमके तेव्हाच माणसाला दम वाढल्याचा आनंद होत असतो. फुप्फुसे आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड मागून येते. हा वेग सात हजारांच्या बुटाने बदलत नाही. त्याचा पहिला एक्स-रे स्वच्छ आला. तसा येतोच, तडा दिसायला दोन-तीन आठवडे जावे लागतात. दुसऱ्या एक्स-रेत दिसला.

‘आता भरती?’ वडिलांनी विचारले. मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर होती. मी नाही म्हणाले. त्या खोलीत त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, ‘आम्ही जन्मभर पोती वाहिली, अनवाणी वाहिली. आमचं कधी असं झालं नाही मॅडम.’

त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नव्हते, आणि ते पूर्ण बरोबरही नव्हते. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. आम्ही नाड्या आवळत बसलेलो असतो तेव्हा तिथल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन साध्या स्लिपरवर तोच उतार उतरून जातात. त्यांचा पाय लहानपणापासून त्या वाटेवर घडला आहे. हाड, शीर, तळव्याची कातडी, तोल, सगळेच. त्यांना पाहून चाळिशीतल्या संगणक अभियंत्याने बूट काढून धावू नये. २०१० साली हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की आयुष्यभर अनवाणी धावणारे टाचेऐवजी बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात आणि त्यामुळे आघात कमी होतो. त्यानंतर अनवाणी धावण्याची लाट आली, मोज्यासारखे पातळ बूट खपले, आणि २०१४ मध्ये तसे बूट विकणाऱ्या एका कंपनीला आरोग्याच्या दाव्यांवरून अमेरिकेत ग्राहकांशी साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड करावी लागली. अनवाणी धावण्याच्या गोष्टीत अबेबे बिकिलाचे नाव येतेच. त्याने १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. चार वर्षांनी टोकियोत त्याने ती पुन्हा जिंकली आणि तेव्हा पायांत बूट होते, हे सांगायचे बहुतेकांच्या राहून जाते.

आपल्याकडे बारामतीच्या लता करे यांचे उदाहरण दिले जाते. २०१३ मध्ये साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि स्पर्धा जिंकल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपटही झाला. प्रेरणेचे संदेश पाठवणाऱ्यांना त्यात अनवाणी पाय दिसतात. सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या मला दिसते ते हे, की नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून एका म्हाताऱ्या बाईला धावावे लागले.

पावसाळ्यापुरते थोडे वेगळे सांगायला हवे. ‘वॉटरप्रूफ’ बूट कोकणपट्टीच्या पावसात घेऊ नयेत. पाणी वरून, घोट्यापाशी आत शिरते आणि बाहेर पडायला जागा उरत नाही; दोन तास पाय डबक्यात. जाळीदार बुटात पाणी येते तसे जाते. सुती मोजे भिजले की फोड येतात, त्यापेक्षा लवकर वाळणारे पातळ कृत्रिम धाग्याचे बरे. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या नाहीत तर आठवड्याभरात चिखल्या होतात. चिखल्या आणि फुटलेले फोड घेऊन साचलेल्या पाण्यातून चालत गेल्यास लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंना दार उघडे मिळते. पाण्यातून जाऊन आल्यावर दोन दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंत कधीही ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरला ‘मी डोंगरावर गेलो होतो’ हे आपणहून सांगा. बूट वाळवताना आतले सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, कडक उन्हात किंवा हीटरपाशी ठेवू नयेत. आणि गॅलरीत वाळत घातलेला बूट झटकल्याशिवाय पायात घालू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या उपचारावर आयुष्य वेचले, प्राझोसिन या औषधाने कितीतरी जीव वाचवले. तो लाल विंचू आपल्याच रायगड जिल्ह्यातला आहे.

चार-पाच वर्षे कपाटात पडलेले बूट बाहेर काढून थेट गडावर जाणाऱ्यांनाही एक सूचना. काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असते. दमट हवेत ते न वापरताही आतून कुजते आणि वाटेत अख्खा सोल हातात येतो. घरीच तळ धरून जोरात वाकवून, ओढून पाहा.

मधुमेह असणाऱ्यांनी डोंगरावर जाण्याआधी घरच्या कोणाला तरी एक चाचणी करायला सांगावी. डोळे मिटून आडवे पडायचे. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचे नाही, चोळायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर पायाची संवेदना कमी झाली आहे. मग बूट चावत असल्याचे तुम्हाला कळणारच नाही. अशा पायाची जखम मी महिनोन्‌महिने न भरलेली पाहिली आहे, बोट काढावे लागलेलेही पाहिले आहे. त्यांनी आधी पाय तपासून घ्यावेत, बूट नंतर.

तो मुलगा आठ आठवड्यांनी परत आला. हाड भरत होते. भरतीची ती फेरी गेली होती; घरी त्यावरून काय झाले ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. चालणे सुरू कर, दोन आठवड्यांनी चालणे आणि धावणे आलटून पालटून, आणि डोंगरावर पहिले तीन महिने धावत फक्त चढायचे, उतरायचे चालत, असे मी लिहून दिले. शर्यतीचे बूट त्याने मित्राला विकून टाकले होते. त्या पैशांत मैदानासाठी एक साधा जोड आणि पायवाटेसाठी एक, असे दोन घेऊन तो आला होता आणि पायवाटेच्या बुटाची टाच थोडी सुटते म्हणत होता. मी त्याला बाकावर बसवले. सर्वांत वरच्या दोन भोकांपैकी एक बहुतेक लोक रिकामेच सोडतात. नाडी त्या भोकातून बाहेरून आत घालून त्याच बाजूला छोटा फास ठेवायचा, दुसऱ्या बाजूलाही तसाच, मग दोन्ही टोके समोरच्या फासातून ओवून मागच्या दिशेला ओढायची आणि नेहमीसारखी गाठ मारायची. टाच जागच्या जागी बसते आणि उतारावर पाय पुढे सरकत नाही. त्याने एकदा करून पाहिले, सोडले, परत केले. बाहेर रांग वाढली होती. दाराशी उभे असलेले वडील म्हणाले, ‘मॅडम, पुन्हा एकदा दाखवा, मलाही बघू दे.’